कुलूप ज्याचे, जबाबदारी त्याची

(पुणे येथे आपल्या मिशनच्या वार्षिक सहकारी-मेळाव्यात केलेले भाषण. मेळाव्याला येऊ न शकलेल्या वाचकांसाठी येथे देत आहोत.)



दर वर्षी या मेळाव्यात मी आपल्याला वसतिगृहातल्या मुलांविषयी, बालवाडीविषयी, शिवणवर्गाविषयी सांगते आणि आपण दिलेल्या देणगीचा हिशेब देते. या वर्षी पाळकसाहेबांनी विचारले, "बाई, या वेळी कशावर बोलणार?" मी म्हणाले, "तुरुंगातल्या आजारी माणसावर." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बोला. पण सगळ्यांना समजेल असं बोला." तसा प्रयत्न करते. यात माझी स्वतःची एक चूकही आहे. तीही सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

दिवाळी होऊन वीटभट्ट्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या कामाच्या भागातल्या एका कातकरी वाडीतून एक मावशी आमच्या कार्यालयात आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत क्षयरोगाच्या सरकारी उपचाराचे कार्ड आणि गोळ्यांची पाकिटे. त्यांचा धाकटा मुलगा, वय बावीस. त्या त्याला धाकला म्हणत, मीही तेच म्हणते. धाकल्याला क्षय झाला होता. सहा महिन्यांच्या औषधांपैकी दोन महिने नीट पार पडले होते. खोकला थांबला होता, वजन वाढू लागले होते. अशात शेतातली पाण्याची मोटार चोरल्याच्या संशयावरून त्याला पोलिसांनी उचलले. पुढे न्यायालयीन कोठडी झाली आणि तो एका कारागृहात गेला. कारागृहाचे नाव मी सांगणार नाही. सांगण्याचा मुद्दा एका कारागृहापुरता नाही.

गोळ्या झोपडीतच राहिल्या. मावशी दोनदा तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आल्या. बाहेरचे औषध आत घेता येत नाही असे त्यांना सांगण्यात आले. हा नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. बाहेरून आलेली कोणतीही गोळी तपासल्याशिवाय आत जाऊ नये हे खरेच आहे. पण मग आतली गोळी तरी मिळायला हवी.

मी फोन केला. पलीकडचे अधिकारी अतिशय सभ्यपणे बोलले. म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका, आमचे डॉक्टर बघतील." मी निश्चिंत झाले. मावशींना सांगितले, "काम झालं, तुम्ही भट्टीवर जा, उचल फिटायची आहे." त्या गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांना मुलाखत मिळाली. जाळीच्या पलीकडे धाकला खोकत होता. एकही गोळी मिळाली नव्हती. मी पुन्हा फोन केला. या वेळी उत्तर आले, की रुग्णालयात न्यायचे ठरले होते, पण त्या दिवशी पोलिसांची गार्ड मिळाली नाही.

शेवटी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून एक वकील मिळाले. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तुमच्या अर्जाची पोच दाखवा." माझ्याकडे पोच नव्हती, कारण मी अर्जच केला नव्हता. मी फक्त फोन केले होते. त्या वकिलांनी एका कागदावर साधा अर्ज लिहिला, उपचार-कार्डाची प्रत जोडली, एक प्रत अधीक्षकांना आणि एक न्यायालयाला दिली. न्यायालयाने वैद्यकीय अहवाल मागवला. तिसऱ्या दिवशी धाकला रुग्णालयात गेला आणि त्याचे औषध सुरू झाले. मधे ३१ दिवस गेले होते. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या आणि उपचार पहिल्यापासून सुरू केले.

मावशींनी मला बोल लावला नाही. पण कार्यालयाच्या पायरीवर बसून त्या जे म्हणाल्या ते माझ्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, "ताई, घरी होता तवा गोळी मी देत व्हते. आता मला आत सोडत न्हाईत, त्याला भाईर सोडत न्हाईत. कुलूप त्यांचं. मग पोराला गोळी कुणी द्यायची?"

बंधुभगिनींनो, आजचे माझे सगळे भाषण या प्रश्नाचे उत्तर आहे.

कायद्याचे उत्तर अगदी सरळ आहे. कुलूप ज्याचे, गोळी त्यानेच द्यायची. आपण बाहेर असतो तेव्हा ताप आला तर दवाखान्यात जातो, एक डॉक्टर पटला नाही तर दुसरा गाठतो, पैसे नसले तर ससूनच्या रांगेत उभे राहतो. कैद्याचे पाय सरकारने बांधलेले असतात. म्हणून त्याच्या वतीने चालण्याचे काम सरकारवर येते. न्यायाधीश शिक्षा देतात ती कैदेची. निकालपत्रात क्षयरोग लिहिलेला नसतो. आणि धाकल्यासारख्या कच्च्या कैद्याला तर शिक्षाही झालेली नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांतली सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होती. म्हणजे दर चौघांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

हे कर्तव्य आजकालचे नाही. इंग्रजांच्या अमदानीत, १८९४ साली झालेल्या तुरुंग कायद्यातच लिहिले होते, की प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी. कैदी आत आला की त्याची तपासणी करून प्रकृतीची नोंद ठेवावी. एखाद्याने डॉक्टरला भेटायचे म्हटले, किंवा तो आजारी दिसला, तर विनाविलंब वर कळवावे. स्वातंत्र्यानंतर घटनेचे २१ वे कलम आले, जीविताचा हक्क आला. तुरुंगाच्या दारात कपडे आणि पैसे जमा करून घेतात, पण हा हक्क जमा करून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीचे नियम नव्याने मान्य केले आणि त्यांना नेल्सन मंडेलांचे नाव दिले. त्यांत म्हटले आहे, की कैद्यांचे आरोग्य ही राज्याची जबाबदारी आहे आणि बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची सेवा त्यांना मिळावी.

आता हे सरकार म्हणजे नेमके कोण? आपल्याकडे तुरुंग हा राज्याचा विषय आहे. महानगरपालिकेचा नाही, जिल्हा परिषदेचाही नाही. अमेरिकेत छोटे तुरुंग बहुधा तिथल्या जिल्ह्याचे, म्हणजे कौंटीचे असतात, त्यामुळे कैद्याच्या उपचारात हयगय झाली की दावा त्या स्थानिक सरकारवर जातो. तिथे टेक्सासमधल्या गॅम्बल नावाच्या एका कैद्याच्या अंगावर कापसाची गाठ पडून पाठीला दुखापत झाली. त्याने तुरुंगातून हाताने अर्ज लिहिला. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही राज्यघटनेने मनाई केलेली क्रूर शिक्षाच होय. गॅम्बलला स्वतःला त्या खटल्यात यश मिळाले नाही, पण त्याच्या अर्जातून निघालेला नियम पुढच्या कैद्यांच्या कामी आला.

आपल्या देशात अशीच वाट एका आईच्या पत्राने उघडली. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा बावीस वर्षांचा मुलगा सुमन १९८७ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी त्याचा देह रेल्वेच्या रुळांवर सापडला, अंगावर जखमा होत्या. त्या माउलीने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९९३ साली निकाल लागला आणि राज्याने तिला दीड लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश झाला. सरकार सार्वभौम आहे, त्याच्यावर दावा चालत नाही, ही जुनी सबब अशा बाबतीत चालणार नाही हे त्या निकालाने पक्के केले. तो खटला मारहाणीचा होता, औषधपाण्याचा नव्हता. पण मूळ तत्त्व तेच आहे: माणूस तुमच्या ताब्यात असताना त्याचे काय झाले, याचा जाब तुम्ही द्यायचा.

मग प्रश्न मिटला का? नाही. अडचण एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे "नैसर्गिक".

२०२२ साली देशातल्या तुरुंगांत १,९९५ कैदी मरण पावले. त्यांतले १,७७३ मृत्यू "नैसर्गिक" या रकान्यात आहेत. म्हणजे दर दहांतले जवळजवळ नऊ. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, क्षय, सगळे त्यातच. माझ्या धाकल्याचे त्या ३१ दिवसांत काही बरेवाईट झाले असते, तर तोही याच रकान्यात गेला असता. क्षयाने मेला, नैसर्गिक. गोळ्या घरी पिशवीत होत्या, हे कुठल्याही रकान्यात बसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्याही हे लक्षात आले आहे. देशातल्या १,३८२ तुरुंगांच्या दुरवस्थेविषयी न्यायालयाने स्वतःहून एक प्रकरण चालवले. त्याच्या सप्टेंबर २०१७ च्या निकालात न्यायमूर्तींनी नेमका हाच प्रश्न विचारला, की वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून कैदी दगावला, तर तो मृत्यू नैसर्गिक म्हणायचा की अनैसर्गिक? आणि २०१२ ते २०१५ या काळात तुरुंगांत अनैसर्गिक मृत्यू आलेल्यांच्या वारसांचा शोध घेऊन भरपाई द्यावी, असे सगळ्या उच्च न्यायालयांना सांगितले.

आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानेही एप्रिल २०२५ मध्ये एक धोरण मंजूर केले. कारागृहात काम करताना अपघात, वैद्यकीय निष्काळजीपणा, अधिकाऱ्यांची मारहाण किंवा कैद्यांची आपसांतली मारामारी यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना ५ लाख रुपये, आत्महत्या झाली तर १ लाख. म्हातारपण आणि दीर्घ आजार यांमुळे आलेल्या मृत्यूला मात्र भरपाई नाही. वैद्यकीय निष्काळजीपणा हा शब्द सरकारी धोरणात आला, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय देऊ या. पण निष्काळजीपणा झाला हे दाखवायचे कुणी? डोंगरातल्या वाडीवरच्या त्या निरक्षर आईने? ज्याची लेखी नोंद नाही तो निष्काळजीपणा कागदावर दीर्घ आजार होऊन बसतो. म्हणून माझी पोच नसण्याची चूक मला लहान वाटत नाही.

आपण पुण्याची माणसे. आपल्या शहरात या विषयाची तीन ठिकाणे पाच-सहा किलोमीटरांच्या आत आहेत. येरवडा कारागृहात महात्मा गांधी १९२२ पासून शिक्षा भोगत होते. १९२४ च्या जानेवारीत त्यांच्या पोटात दुखू लागले. आंत्रपुच्छाचा आजार निघाला. सरकारने त्यांना कारागृहातच ठेवून काढा पाजला नाही. ससूनला हलवले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया केली. मधेच विजेचा दिवा गेला तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरे केले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटकाही केली. परके सरकार, राजद्रोहाचा कैदी, तरी उपचार झाले. लोक म्हणतील, ते गांधीजी होते. बरोबर आहे. गांधीजींना जे मिळाले ते धाकल्याला मिळते का, हीच तर कसोटी आहे.

तिसरे ठिकाण आगाखान पॅलेस. तिथे कस्तुरबा स्थानबद्ध असताना २२ फेब्रुवारी १९४४ रोजी वारल्या. शेवटच्या आजारात त्यांना वैद्यांचे औषध हवे होते. परवानगीला वेळ लागला. पंडित शिव शर्मा या वैद्यराजांना रात्री आत राहू देईनात, तेव्हा ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत, कारण रात्री कधीही बोलावणे येईल. आजारी बाई भिंतीच्या आत आणि वैद्य फाटकाबाहेर मोटारीत. ऐंशी वर्षे झाली, पण मुलाखतीच्या रांगेत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मावशींना पाहिले की मला ती मोटार आठवते.

आता जवळच्या काळातली दोन नावे घेते. दोघांचाही आदिवासींशी संबंध आहे, म्हणून आपल्या कामाशी आहे.

पहिले, फादर स्टॅन स्वामी. येशूसंघीय धर्मगुरू, रांचीजवळच्या 'बगईचा' या केंद्रात राहून आदिवासींमध्ये काम करणारे. झारखंडच्या तुरुंगांत खटल्याची वाट पाहत पडलेल्या आदिवासी तरुणांविषयी त्यांनी अभ्यास केला, त्यांच्यासाठी न्यायालयात गेले. कोरेगाव भीमा प्रकरणाचा गुन्हा २०१८ साली आपल्या पुण्यातच नोंदवला गेला. त्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक केली आणि तळोजा कारागृहात ठेवले. वय त्र्याऐंशी. पार्किन्सनच्या आजाराने हात इतके थरथरत की पेला ओठांपर्यंत नेता येत नसे. पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना नोव्हेंबरमध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला. उत्तर द्यायला यंत्रणेने वीस दिवस मागून घेतले. मे २०२१ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयापुढे दूरदृश्य माध्यमातून सांगितले, की आलो तेव्हा मी आपल्या हाताने जेवत होतो, चालत होतो, अंघोळ करत होतो, आता यातले एकेक जात चालले आहे. २८ मे रोजी न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्याचा आदेश दिला. तिथे कोरोनाची लागण झाल्याचे दिसून आले. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची सुनावणी चालू असतानाच ते गेल्याचे न्यायालयाला कळवण्यात आले. खटला सुरूच झाला नव्हता.

दुसरे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. पांडू नरोटे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातला आदिवासी तरुण. प्रा. साईबाबा यांच्यासोबतच्या खटल्यात २०१७ साली त्याला जन्मठेप झाली. नागपूर कारागृहात असताना तो आजारी पडला आणि २५ ऑगस्ट २०२२ रोजी तिथल्या शासकीय रुग्णालयात स्वाइन फ्लूने वारला. वय तेहतीस. रुग्णालयात न्यायला उशीर झाला असा आरोप त्याच्या वकिलांनी केला. दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातली शिक्षा रद्द केली. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारासाठी परत पाठवला, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा निर्दोष मुक्ततेचाच निकाल दिला. इतर माणसे तुरुंगाबाहेर आली. पांडूला येता आले नाही. न्यायालय चुकलेली शिक्षा रद्द करू शकते, मरण रद्द करू शकत नाही. उपचारांत उशीर चालत नाही तो एवढ्याचसाठी.

आता आपल्या मनातले दोन प्रश्न मला दिसतात.

पहिला: "बाई, गुन्हेगारांची एवढी काळजी कशाला?" खरे सांगते, धाकल्याने ती मोटार चोरली की नाही हे मला माहीत नाही. मी त्याला कधी विचारले नाही. ते न्यायालय ठरवील. पण चोरी केली असली तरी त्याच्या फुप्फुसांना शिक्षा झालेली नाही. आणि क्षय बराकीत कुणाला ओळखत नाही. शेजारी झोपलेल्याला, शिपायाला, सुटून घरी जाणाऱ्याच्या लेकरालाही तो गाठतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: "हे सरकारविरुद्ध नाही का? आपण मंडळीची माणसे. आपण प्रार्थना करावी, तक्रार कशाला?" मी ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम केला तेव्हा प्रेषितांची कृत्ये याचा सोळावा अध्याय कितीदा वाचला असेल. फिलिप्पै गावी पौल व सीला यांना फटके मारून बंदिशाळेत टाकले. बंदिशाळेच्या नायकाने त्यांचे पाय खोड्यात अडकवले, जखमा तशाच ठेवल्या. मध्यरात्री भूमिकंप झाला, नायकाचे हृदय पालटले. पालटल्यावर त्याने पहिले काम कोणते केले? रात्रीच त्यांच्या जखमा धुतल्या. तोवर त्यांना कुणी निर्दोष ठरवले नव्हते. ते अजून त्याचेच कैदी होते. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्याच हातात पाण्याचे भांडे.

आणि आपण वाचतो त्यापुढचा भाग सहसा विसरतो. सकाळी नगराच्या अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, की त्यांना सोडून द्या. पौल गुपचूप निघून गेला नाही. तो म्हणाला, की चौकशी न करता आम्हाला उघड्यावर मारले आणि आता चोरून घालवता काय? त्यांनी स्वतः यावे. अधिकारी आले, त्यांनी विनवणी केली. पौलाने सूड मागितला नाही. जबाब मागितला. तेथे मागे राहणाऱ्या लहानशा मंडळीसाठी ते आवश्यक होते. म्हणून मला वाटते, अर्जाची पोच मागणे हे अविश्वासाचे काम नाही. प्रार्थना करावी आणि पोचही घ्यावी.

तुरुंगातले डॉक्टर आणि शिपाई दुष्ट आहेत असे मी म्हणत नाही. येरवड्यासारख्या कारागृहात क्षमतेच्या दुपटीहून अधिक माणसे कोंबलेली असतात. डॉक्टर मोजके. रुग्णालयात न्यायला पोलीस लागतात आणि ते बंदोबस्तात गुंतलेले. पण ही अडचण सरकारने सोडवायची आहे, कैद्याने सोसायची नाही.

मग आपण काय करायचे? मोठ्या गोष्टी सांगत नाही, चारच सांगते.

एक. आपल्या ओळखीच्या वाडीतला, वस्तीतला कुणी अटकेत गेला आणि तो क्षय, सिकलसेल, मधुमेह, फिट असे काही औषध घेत असेल, तर त्याच दिवशी औषधाचे कार्ड किंवा चिठ्ठी शोधा आणि तिच्या प्रती काढा. न्यायालयात पहिल्यांदा उभे करतात तेव्हाच वकिलामार्फत ते न्यायाधीशांपुढे ठेवा. पोलीस कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, डी. के. बसू यांच्या खटल्यात, सांगून ठेवले आहे.

दोन. तुरुंगाशी फोनवर बोला, नम्रपणे बोला, पण त्याच दिवशी अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या, एक प्रत न्यायालयाला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. माझ्यासारखे करू नका.

तीन. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अटकेत असलेल्या प्रत्येकाला आणि अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. आपल्या वह्यांत लिहून ठेवा.

चार. देव न करो, पण कुणी कोठडीत दगावलाच, तर घाईने अंत्यविधी उरकू नका आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका. असा मृत्यू २४ तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावा लागतो. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावी अशी कायद्यात तरतूद आहे. त्या चौकशीत आई-वडिलांना, पत्नीला आपले म्हणणे मांडता येते. औषधाचे कार्ड, अर्जाची पोच, मुलाखतीची तारीख, हे सारे तिथे बोलते. "नैसर्गिक" हा शब्द तिथेच तपासला जाऊ शकतो.

आपल्या मंडळीत निवृत्त परिचारिका आहेत, दोन वकील आहेत, कोर्टात कारकुनी केलेले एक काका आहेत. महिन्यातून एक शनिवार आपण एवढेच काम करावे, की आपल्या भागातले कोण आत आहे आणि त्यांतले कोण औषधावर आहे याची वही ठेवायची. आजारी असताना आणि बंदिवासात असताना भेटायला आलात की नाही, हे प्रभू विचारणार आहे, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने दोन्ही एकाच दमात विचारले आहे. आजारीही असलेला आणि बंदिवानही असलेला एकच माणूस असू शकतो, हे धाकल्याने मला शिकवले.

तो जामिनावर सुटला. सहा महिन्यांचे औषध पुरे केले. चढण चढताना त्याला अजून दम लागतो. खटला चालू आहे, तारखेला तो जातो. मावशींनी औषधाच्या कार्डाची पिशवी फेकलेली नाही. कूडाच्या खुंटीला ती टांगलेली असते. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा त्यांनी ती काढून दाखवली. आत कार्डाबरोबर आता वकिलांच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रतही होती. त्यांना वाचता येत नाही. पण शिक्का कुठे आहे ते त्यांनी बोट ठेवून मला दाखवले.

प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो. वहीत नाव घालायचे ज्यांच्या मनात आहे त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. वही मी आणली आहे.